वर्णलेखन, पृथक्करण की आणखी काही? क्रोमॅटोग्राफीला मराठीत काय म्हणावं

प्रश्न, साताऱ्याहून

नमस्कार. मधुमेह असलेल्यांसाठी इन्सुलिनवर एक छोटी मराठी पुस्तिका लिहिते आहे. त्यात ‘इन्सुलिन शुद्ध कसं करतात’ असा एक परिच्छेद आहे आणि तिथेच मी अडकले आहे. क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे मिश्रणातले पदार्थ एकमेकांपासून वेगळे करण्याच्या पद्धतीला, कोशात ‘वर्णलेखन’ सापडलं. शाळेच्या पुस्तकात ‘रंजकद्रव्य पृथक्करण पद्धती’ असं आहे. मी आधी ‘वर्णलेखन’ घेतलं आणि मसुदा आईला वाचून दाखवला. ती चाळीस वर्षं इन्सुलिन घेते आहे, त्यामुळे माझी पहिली वाचक तीच. ‘वर्णलेखनाने इन्सुलिन शुद्ध करतात’ या वाक्यावर तिने मला थांबवलं. म्हणाली, “बाटलीवर अक्षरं लिहितात, त्याबद्दल आहे का हे?”

तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. वर्णमाला शिकलेल्या माणसाला वर्ण म्हणजे आधी अक्षरच आठवणार. दुसरा शब्द घ्यावा तर इन्सुलिन हे काही रंजकद्रव्य नाही. मग लिहू काय?

रत्नागिरीहून

ताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. शब्दाचं मूळ आधी सांगतो, म्हणजे घोळ कुठे झाला ते कळेल.

मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ तेव्हा वॉर्सामध्ये काम करत होता. पानांतल्या हरितद्रव्यात नेमके किती रंगीत पदार्थ आहेत हा त्याचा प्रश्न. त्याने काचेच्या अरुंद नळीत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी ठासून भरली, वर पानांचा अर्क ओतला आणि मग वरून नुसतं द्रावक सोडत राहिला. अर्क खाली सरकता सरकता फुटला आणि नळीत हिरवे-पिवळे पट्टे एकाखाली एक वेगळे झाले. १९०३ साली त्याने हे काम वॉर्सातल्या सभेत मांडलं आणि १९०६ साली जर्मन नियतकालिकातल्या लेखांत पद्धतीला नाव दिलं. ग्रीक ‘क्रोमा’ म्हणजे रंग, ‘ग्राफेइन’ म्हणजे लिहिणं. त्याचं स्वतःचं आडनाव ‘त्स्वेत’, त्याचाही रशियन भाषेत अर्थ रंगच.

तेव्हा ‘वर्णलेखन’ हे भाषांतर मुळाशी इमान राखणारं आहे. फक्त ते १९०६ सालच्या नळीशी इमान राखतं. खुद्द त्स्वेतनेच त्या वेळी लिहून ठेवलं होतं की हे नियम रंगीत पदार्थांपुरते नाहीत, रंगहीन पदार्थांनाही लागू पडतात. पुढे मार्टिन आणि सिंज या इंग्रज जोडीने लीड्सला लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत प्रथिनांमधली अमिनो आम्लं वेगळी करायला १९४१ साली याच पद्धतीचा नवा प्रकार काढला. त्यासाठी त्यांना १९५२चं नोबेल मिळालं. अमिनो आम्लांना रंग कुठे असतो? कागदावर ती वेगळी करायची तर नंतर निनहायड्रिन हे रसायन फवारावं लागतं, तेव्हा कुठे जांभळे डाग उमटतात. म्हणजे रंग आपण मागाहून चढवायचा.

नागपूरहून

इतका विचार कशाला? ‘क्रोमॅटोग्राफी’ असंच लिहा. थर्मामीटरला तापमापी म्हणून कोणाचा ताप उतरला नाही.

वाळूजहून

नागपूरच्या दादांशी मी अर्धा सहमत आहे. गेली सतरा वर्षं मी औषध कारखान्यांच्या शुद्धीकरण विभागात काम करतो, त्यातली बरीच प्रथिन-औषधांच्या स्तंभांवर, म्हणजे त्स्वेतच्या नळीच्या मोठ्या भावंडांवर. आमच्याकडे कोणीही ‘वर्णलेखन’ म्हणत नाही. ‘क्रोमॅटोग्राफी’सुद्धा कागदावरच असते. तोंडी शब्द ‘कॉलम’. “आज कॉलम चालवायचाय”, “कॉलम लोड झाला का?”, “कॉलम धुऊन ठेव”, “या बॅचला दोन कॉलम लागतात”. नाव परकं राहिलं म्हणून कोणाचं अडत नाही, कारण क्रियापदं आपली आहेत. चालवणं, धरणं, सोडणं, धुणं, उतरणं. माझा मुद्दा तोच आहे. नामासाठी आपण कोश धुंडाळतो आणि काय घडतं ते सांगणाऱ्या क्रियापदाकडे बघतच नाही.

पण ‘पृथक्करण’ या शब्दाबद्दल मला थोडं जोर देऊन सांगायचं आहे, कारण त्याने आमचं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे.

मराठीत पृथक्करणाचे दोन अर्थ एकमेकांच्या शेजारी राहतात. एक, वेगवेगळं करणं. दुसरा, आत काय काय आहे ते तपासणं. शेतकरी मातीचं पृथक्करण करून आणतो तेव्हा वाळू एकीकडे आणि चिकणमाती दुसरीकडे करून आणत नाही, अहवाल आणतो. ‘रासायनिक पृथक्करण’ म्हटलं की सर्वसामान्य माणसाच्या मनात प्रयोगशाळेचा कागद येतो. आता गंमत नव्हे, खरी अडचण बघा: क्रोमॅटोग्राफी ही दोन्ही कामं करते. गुणवत्ता विभागात बोटाएवढ्या जाडीच्या स्तंभात काही मायक्रोलीटर नमुना सोडतात, आलेख निघतो, नमुना सांडपाण्यात जातो. तिथे पदार्थ नको असतो, माहिती हवी असते. आमच्याकडे माणसाच्या मिठीत न मावणारा स्तंभ असतो आणि आम्हाला पदार्थच हवा असतो. आलेख आम्हीही बघतो, पण तो कधी झडप उघडायची आणि कधी बंद करायची हे कळण्यापुरता. यंत्र एकच, तत्त्व एकच, हेतू मात्र अगदी उलटे.

एका कारखान्यात कामगारांसाठी मराठीत सूचनाफलक लावले होते. चांगल्या हेतूने लावले होते. त्यातल्या एकावर होतं: ‘पृथक्करणानंतर द्रव पुढील टाकीत घ्यावा.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, स्तंभातून उतरला की लगेच पुढच्या थंड टाकीत घ्या. रात्रपाळीच्या नव्या मुलाने वाचलं, तपासणीचा अहवाल आल्यावर घ्या. त्याने नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवालाची वाट बघत बसला. अहवाल सकाळी येणार होता. तोवर आम्लधर्मी द्रावणातलं इन्सुलिन साध्या तापमानाला पडून राहिलं.

इन्सुलिन आम्लात असं पडून राहिलं की त्यातल्या एका ठरावीक जागेवरचा अमाइड गट हळूहळू गळतो आणि डेसअमिडो इन्सुलिन तयार होतं. इन्सुलिनच्या रेणूत ५१ अमिनो आम्लं, रेणुभार साधारण ५८०८. डेसअमिडोचा रेणुभार त्याहून जेमतेम १ने जास्त. इतका बारीक फरक कुठल्याही गाळणीला कळणार नाही, पण स्तंभाला कळतो. पदार्थ बाहेर येतो तेव्हा आलेखाची रेघ वर चढून उतरते, त्या उंचवट्याला शिखर म्हणतो. सकाळच्या आलेखात मुख्य शिखराच्या अंगाला लागून दुसरं शिखर मान वर काढून उभं होतं. सगळा माल पुन्हा स्तंभावर चढवावा लागला. त्या मुलाला बोल लावला गेला. मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो, चूक त्याची नव्हती, शब्दाची होती. फलकावर ‘स्तंभातून उतरताच’ एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं.

म्हणून ताई, पुस्तिकेत ‘पृथक्करण’ नकोच. ‘वेगळं करणं’ लिहा. साधं आहे आणि त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

प्रश्नकर्ती, साताऱ्याहून

किती नेमकं सांगितलंत. माझ्या मसुद्यात पृथक्करण तीनदा आहे, तिन्ही काढते. आता दोन शंका. ‘शिखर’ हा शब्द तुम्ही आलेखासाठी वापरलात, तो चालतो ना? आणि ‘उतरणं’ म्हणजे नेमकं काय उतरतं?

वेर्ण्याहून, गोवा

शिखराबद्दल मी सांगते, माझं काम तेच आहे. गुणवत्ता विभागात दिवसभर आलेख बघते. बोलताना आम्ही ‘पीक’ म्हणतो आणि तो पुल्लिंगी आहे. “पीक आला”, “पीक फुटला”, “बाराव्या मिनिटाचा पीक सरकलाय”. शेतातलं पीक नपुंसकलिंगी, “पीक आलं”. लिंगामुळेच दोन शब्द वेगळे राहिलेत, कान चुकत नाही. पण लिहिताना तो आधार पुरत नाही. ‘शुद्ध इन्सुलिनचे एकच पीक मिळते’ असं कोणी छापलं तर वाचणाऱ्याला शेत दिसेल. लिखाणात ‘शिखर’च बरा.

शिखराची शेपटी मात्र आम्ही शेपटीच म्हणतो. पदार्थ स्तंभाला थोडा जास्त चिकटत असला की शिखराचा उतार लांबत जातो, लवकर खाली टेकत नाही. “याला शेपटी आहे, पीएच (द्रावणाची आम्लता) बघ” हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी म्हणते.

वाळूजहून

ताईंनी पीकचं लिंग सांगितलं ते अगदी खरं. आमच्याकडेही तसंच बोलतात.

‘उतरणं’बद्दल. पुस्तकी शब्द ‘निक्षालन’. लॅटिन मूळ शब्दाचा अर्थ धुऊन काढणं असाच आहे, तेव्हा भाषांतर बरोबर आहे. पण ‘क्षालन’ आपल्याला ‘पापक्षालन’मध्ये भेटतं, आणि तिथे जे धुऊन जातं ते टाकायचं असतं. स्तंभावर कधी हवं ते उतरतं, कधी नको ते. ‘उतरणं’ला ही अडचण नाही. खरं सांगायचं तर कॉलमवरची माणसं ‘इल्युट झाला’ आणि ‘उतरला’ हे दोन्ही म्हणतात. पहिलं वहीत, दुसरं तोंडात.

प्रत्यक्ष काय होतं ते जवळून सांगतो, म्हणजे तुम्हाला क्रियापदं निवडता येतील. स्तंभात बारीक मण्यांचा थर असतो, साधारण पिठीसाखरेसारखा दिसणारा. कधी तो सिलिकाचा, कधी राळेचा. राळ हा आपला जुना शब्द इथे छान बसतो, तो वाया घालवू नका. आधी द्रावण सोडून तो थर तयार करायचा. मग अशुद्ध इन्सुलिनचं द्रावण वरून चढवायचं. मणी इन्सुलिनला धरतात, बराच कचरा तसाच पुढे वाहून जातो. मग धुवायचं. मग सोडवणारं द्रावण हळूहळू, टप्प्याटप्प्याने कडक करत न्यायचं, म्हणजे ज्याची पकड सैल तो आधी सुटतो, ज्याची घट्ट तो मागाहून. बाहेर नळीवर अतिनील प्रकाशाने बघणारा डोळा असतो. पडद्यावर रेघ वर चढायला लागली की माणसं बोलायची थांबतात. चढणीचा पहिला भाग बाजूला, माथा मुख्य भांड्यात, उतरणीला डेसअमिडो येत असेल तर तिथे लगेच तोडायचं. याला आम्ही ‘कट मारणं’ म्हणतो. उशीर झाला तर अशुद्धी आत, घाई झाली तर चांगला माल बाहेर. कडेचे भाग फेकत नाहीत, गोळा करून पुन्हा चालवतात.

या सगळ्यात लिहिण्याशी संबंध असलेलं काही नाही. ‘लेखन’ हा शब्द गोव्याच्या ताईंच्या खोलीत खरा आहे, माझ्या मजल्यावर नाही.

दापोलीहून

मी शास्त्राची नाही, पण वाचता वाचता वाटलं म्हणून लिहिते. आपल्याकडे निवडण्याचे किती शब्द आहेत. निवडणं, वेचणं, चाळणं, पाखडणं, घोळणं, गाळणं, निवळणं. प्रत्येकात हाताची हालचाल वेगळी आणि काय कशापासून वेगळं होतं तेही वेगळं. तांदळातले खडे काढायला आमच्याकडे ‘रोळतात’. पाण्यात तांदूळ हलवत हलवत वरचे ओतून घ्यायचे, खडे मागे राहतात. वाहतं पाणी, काही पुढे जातं, काही मागे रेंगाळतं. तुमच्या कॉलमच्या सगळ्यात जवळचा शब्द हाच नाही का?

रत्नागिरीहून

रोळणं! बाई, फार दिवसांनी ऐकला हा शब्द. आजीची रोळी डोळ्यांसमोर आली.

जवळचा आहेच. एक फरक मात्र नोंदवतो. रोळताना खडा मागे राहतो तो जड असतो म्हणून. स्तंभात वजनाला महत्त्व नाही, पकडीला आहे. आणि एका प्रकारात तर आपली घरगुती समजूत पूर्ण उलटी पडते. त्याला ‘जेल फिल्ट्रेशन’ म्हणतात, कोणी ‘आण्विक चाळण’ही म्हणतात. चाळणीत बारीक ते खाली पडतं आणि जाड वर राहतं. इथे मोठा रेणू आधी बाहेर येतो. कारण मण्यांना सूक्ष्म छिद्रं असतात. लहान रेणू त्या प्रत्येक छिद्रात डोकावत जातो आणि मागे पडतो, मोठा त्यांत शिरूच शकत नाही, म्हणून सरळ वाटेने येतो. जत्रेत लहान मूल प्रत्येक दुकानापाशी थांबतं आणि मोठी माणसं पुढे जातात, तसं. ‘चाळण’ म्हटलं की विद्यार्थी हमखास उलटं उत्तर लिहीत. तीस वर्षं तपासलेत तसे पेपर. तेव्हा ‘गाळणं’ आणि ‘चाळणं’ इथे टाळा.

दापोलीच्या ताईंच्या वाक्यातला ‘रेंगाळतं’ हा शब्द मात्र मला फार आवडला. पुस्तकात ‘धारणकाल’ आहे. वर्गात मी ‘कोण किती रेंगाळतं’ असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

वाळूजहून

सर, जत्रेचं उदाहरण उद्यापासून नव्या मुलांना सांगणार.

साताऱ्याच्या ताई, तुमच्या पुस्तिकेसाठी आणखी एक गोष्ट, कारण ती शब्दाचीही आहे आणि तुमच्या आईचीही असू शकेल. पूर्वी इन्सुलिन डुकराच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढत. पुन्हा पुन्हा स्फटिक करून ते शुद्ध झालं असं समजत. १९६७मध्ये डोनाल्ड स्टायनर यांनी प्रोइन्सुलिन दाखवलं, म्हणजे इन्सुलिन जिच्यातून तयार होतं ती लांब साखळी. स्फटिकांतून केलेल्या ‘शुद्ध’ इन्सुलिनमध्ये तीही असते, शिवाय बाकीची प्रथिनंही, हे स्तंभातून घातल्यावर दिसलं. आलेखात एका शिखराच्या जागी अनेक शिखरं. मग सत्तरच्या दशकात उत्पादकांनी सगळा माल स्तंभातून उतरवायला सुरुवात केली. त्या इन्सुलिनला नावच पडलं ‘सिंगल पीक’, एकशिखरी. त्याहून काटेकोर शुद्ध केलेलं ते ‘मोनोकंपोनंट’, एकघटकी. आलेखावरचा शब्द थेट औषधाच्या नावात गेला, असं माझ्या माहितीत फार क्वचित झालं आहे.

फरक सुईच्या जागी दिसला. जुन्या इन्सुलिनने काहींच्या मांडीवर, दंडावर टोचण्याच्या जागची चरबी झिजून खळगे पडत. शुद्ध इन्सुलिन आल्यावर ते खूप कमी झाले. हे लिहाल तर ‘शुद्ध’ या शब्दाला अर्थ येईल. नाहीतर शुद्ध म्हणजे तुपासारखं काहीतरी, एवढंच वाचकाला वाटतं. आमच्या कामात शुद्ध म्हणजे बाकीचं काय आहे आणि किती आहे ते मोजून सांगता येणं.

प्रश्नकर्ती, साताऱ्याहून

तुमचा निरोप आईला वाचून दाखवला. काही न बोलता तिने मांडीवर हात ठेवला. दोन खळगे आहेत तिला, ऐंशीच्या दशकातले. डॉक्टरांनी तेव्हा जागा बदलत जा म्हणून सांगितलं होतं आणि तिने आजवर धरून ठेवलं होतं की आपलंच टोचणं चुकत होतं. चाळीस वर्षं.

परिच्छेद पुन्हा लिहिला आहे, बघाल का?

‘इन्सुलिन तयार झालं की त्यात इतर प्रथिनं आणि इन्सुलिनसारखेच दिसणारे रेणू मिसळलेले असतात. ते वेगळे करण्यासाठी मिश्रण बारीक मण्यांनी भरलेल्या उंच स्तंभातून सोडतात. या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. प्रत्येक पदार्थ मण्यांना कमी-अधिक घट्ट धरतो. ज्याची पकड सैल तो लवकर उतरतो, ज्याची घट्ट तो रेंगाळतो. इन्सुलिन उतरतं तेवढाच भाग गोळा करतात. पूर्वी असं करत नसत, तेव्हा काही जणांना टोचण्याच्या जागी खळगे पडत. तो दोष टोचणाऱ्याचा नव्हता.’

वाळूजहून

शेवटचं वाक्य ठळक छापा.

एकच दुरुस्ती. ‘इन्सुलिन उतरतं तेवढाच भाग गोळा करतात’ यात ‘आणि तो पुन्हा तपासतात’ एवढं घाला. ‘तपासतात’, पृथक्करण नव्हे. गोव्याच्या ताईंचं काम त्यात येतं, आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय आमची टाकी पुढे सरकत नाही.